पाच पुस्तकं, साक्षीदार एकच

या वेळी आलेली बहुतेक पत्रं माहितीच्या पुस्तकांबद्दल आणि कोशांबद्दल होती, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले, लांबलेली पत्रं कापली. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. एखादा आकडा दोन-तीन पुस्तकांत ताडून बघायचा आणि जुळला की बरोबर धरायचा, असं मी मुलांना सांगते. माझे एक सहकारी म्हणतात, ही पद्धत कुचकामी आहे. ताई, तुमचं काय मत?

कुचकामी नाही, अर्धवट आहे. पाच पुस्तकांत एकच आकडा सापडला, पण त्यातल्या चौघांनी तो पाचव्यातून उचललेला असेल, तर साक्षीदार एकच झाला. माझी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात झाली आणि तिथे अंगवळणी पडलेली पहिली गोष्ट हीच, की पुस्तकं मोजत बसू नये, त्यांचे उगम मोजावेत.

भूगोलाच्या बाई आहात म्हणून तुमच्याच विषयातलं सांगते. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या समुद्रात सँडी आयलंड नावाचं बेट होतं. म्हणजे नकाशात होतं. १८७६ साली व्हेलॉसिटी नावाच्या, देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजाने तिथे काहीतरी दिसल्याची नोंद केली. ती सागरी नकाशात उतरली, तिथून ॲटलासांमध्ये गेली आणि पुढे संगणकावरच्या नकाशांतही जाऊन बसली. फ्रेंचांनी आपल्या सागरी नकाशांतून ते बेट १९७०च्या दशकातच काढून टाकलं होतं, पण बाकीच्यांना त्याचा पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांचं जहाज त्या जागी पोचलं, तेव्हा तिथे बेट नाही, तेराशे मीटरांहून खोल पाणी! त्याआधी कुणी चार ॲटलास शेजारी ठेवून ताडले असते, तर ते झकास जुळले असते.

उलट, आकडे जुळत नाहीत तेव्हा बरंच काही कळतं. एव्हरेस्टची उंची एका पुस्तकात ८,८४८ मीटर, दुसऱ्यात ८,८५०, तिसऱ्यात ८,८४८.८६. मुलं म्हणतील, यातले दोन चुकलेत. खरं तर पहिला आकडा १९५०च्या दशकातल्या भारतीय सर्वेक्षणाचा आहे, दुसरा १९९९ साली अमेरिकन मोहिमेने जीपीएस लावून काढलेला आणि तिसरा नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेला. तीन वेगळी मोजमापं, तीन वेगळे उगम. आकड्याशेजारी ‘कुणी मोजलं, केव्हा’ हे लिहिणाऱ्या पुस्तकाला मुलांसमोर मान द्या. नुसता आकडा फेकणारं पुस्तक बरोबर असेलही, पण ते बरोबर आहे हे तुम्हाला त्याच्याकडून कळणार नाही.

उचलेगिरी ओळखायची एक सोपी खूण म्हणजे सारखी चूक. दोन पुस्तकं बरोबर माहितीत जुळली तर त्यात नवल नाही. एकच चुकीचं स्पेलिंग किंवा एकच उलटापालट झालेलं साल दोघांकडे असेल तर समजून जा. कोशकारांनाही हे माहीत असतं, म्हणून काही जण मुद्दाम एखादी खोटी नोंद पेरून ठेवतात. १९७५च्या न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडियात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझेल नावाच्या छायाचित्रकार बाई आहेत. टपालपेट्यांचे फोटो काढण्यासाठी त्या प्रसिद्ध होत्या आणि ‘कम्बश्चिबल्स’ नावाच्या, म्हणजे ज्वालाग्राही पदार्थांच्या, मासिकासाठी काम करताना स्फोटात गेल्या, असं तिथे लिहिलंय. अशी बाई कधी जन्मलीच नव्हती. दुसऱ्या कोशात ती सापडली की चोर सापडला.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी माहितीपर पुस्तकं वाचायला लागलोय. विज्ञान, इतिहास, आरोग्य, मिळेल ते. मला यातलं काहीच नीट कळत नाही. मग पुस्तक विश्वासाचं आहे की नाही हे हातात घेतल्यावर कसं ओळखायचं? लेखकाचं नाव मोठं आहे का, एवढंच बघायचं का?

काहीच कळत नाही, हे मी मानणार नाही. आयुष्यभर तुम्ही काहीतरी काम केलंत ना? त्या कामाबद्दल पुस्तकात कुठे एखादा परिच्छेद असला तर सगळ्यात आधी तो वाचा. हिशेबाचं काम केलं असेल तर चक्रवाढ व्याजाचं उदाहरण सोडवून बघा, यंत्रावर केलं असेल तर यंत्राचं वर्णन. तुम्हाला ठाऊक असलेल्या त्या एका जागी लेखक सैल असेल, तर ठाऊक नसलेल्या दोनशे जागी तो घट्ट असेल असं समजायला काही कारण नाही. मोठ्या नावांच्या बाबतीतही मी हेच करते. एका विषयात मोठी असलेली माणसं शेजारच्या विषयावर बिनधास्त लिहितात आणि तिथेच घसरतात.

तशी जागा सापडली नाही तर माझे ठेवणीतले प्रश्न वापरा. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं पुस्तक म्हणतंय का? दिसत नाही. २००३ साली चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आले. चंद्रापेक्षा कितीतरी जवळून त्यांनी खाली पाहिलं आणि भिंत दिसली नाही असं सांगितलं. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट अशी वाटणी केलेलं चित्र आहे का? १९०१ सालच्या एका जर्मन निबंधात जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत थोडा फरक आढळल्याचं होतं. १९४२च्या एका अमेरिकन ग्रंथात त्याचा आलेख असा काढला गेला की थोड्या फरकाची सरळ हद्दच झाली. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे लागतात आणि ते पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही, तरी चित्र छापलं जातंच. पुस्तकात यातलं एक सापडलं म्हणून ते टाकून देऊ नका, पण लेखक ऐकीव माहितीवर चालतो हे मनात नोंदवून ठेवा.

आता भाषांतरित पुस्तकांबद्दल. मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवते ती जागा म्हणजे एककं. इंग्रजीतला मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, एवढं डोक्यात ठेवून आकडे वाचत चला. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. आता समजा पुस्तकात ४५ कोटी छापलंय, आणि वीस पानांनी पुढे तेच पुस्तक सांगतंय की सजीवांच्या खुणा ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. म्हणजे पृथ्वीच्या आधी सजीव! ही चूक पकडायला भूगर्भशास्त्र यावं लागत नाही, दुसरं पुस्तकही लागत नाही. पुस्तकाला त्याच्याच पुढच्या पानाशी भिडवायचं. कच्च्या पुस्तकांतल्या निम्म्या गोष्टी अशाच उघड्या पडतात, फक्त पेन्सिल हातात ठेवून वाचायला हवं.

तापमानात तर गंमतच असते. ‘तापमान २ अंश सेल्सिअसने, म्हणजे ३५.६ अंश फॅरनहाइटने वाढलं’ अशा धर्तीचं वाक्य दिसलं तर पुस्तक लगेच मिटू नका, पण पुढचा प्रत्येक आकडा संशयाने वाचा. थर्मामीटरवर २ अंश सेल्सिअस म्हणजे ३५.६ फॅरनहाइट हे खरं, पण वाढ मोजताना ते ३२ मिळवायचे नसतात. वाढ ३.६ अंशांची. असं वाक्य लिहिणाऱ्याने सूत्रात आकडा घातला, पण काय लिहितोय याचा विचार केला नाही.

फाजील अचूकताही तशीच. मूळ लेखक ‘सुमारे शंभर मैल’ म्हणतो आणि भाषांतरात ‘१६०.९३ किलोमीटर’ होतं. मोघम गोष्ट एकदम फूटपट्टीने मोजल्यासारखी दिसायला लागते. ताप बघताना आपण जो ९८.६ चा आकडा धरतो त्याची जन्मकथा हीच आहे. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८च्या ग्रंथात निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस दिलं. तो गोळाबेरीज आकडा होता, त्याच्या अलीकडचं-पलीकडचंही ते निरोगीच धरत होते. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर त्याला दशांश चिकटला आणि लोकांना वाटलं, कुणीतरी अगदी दशांशापर्यंत मोजून ठेवलंय.

शेवटी सूची. पुस्तकाच्या मधलं कुठलंही पान उघडा, त्यावरचं एखादं नाव घ्या आणि मागच्या सूचीत शोधा. नाव आहे, पण पान चार-पाचने चुकतंय, आणि दुसरं नाव काढलं तरी तेवढ्यानेच चुकतंय, असं झालं तर सूची जुन्या आवृत्तीची आहे. मजकूर नव्याने जुळवला आणि सूची तशीच पुढे ढकलली. जो प्रकाशक हे तपासत नाही त्याने बाकीचं तपासलंय असं मला वाटत नाही. सूची मुळात नसलेलं संदर्भपुस्तक मी विकत घेत नाही. हा माझा हट्ट आहे, तुमचा असायलाच हवा असं नाही.

प्रश्न : आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळचा ज्ञानकोशाचा मोठा संच आहे, साधारण सत्तर वर्षांपूर्वीचा. मुलं म्हणतात, कालबाह्य आहे, रद्दीत द्या. मला जिवावर येतंय. त्याचा खरंच काही उपयोग आहे का?

काय विचारायचंय त्यावर आहे. त्यातलं वैद्यक, रसायन, लोकसंख्या, देशांच्या सीमा हे आजच्या कामासाठी उघडूच नका. सत्तर वर्षांपूर्वीच्या जीवशास्त्राच्या नोंदीत माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं आहेत असं बहुधा सापडेल. १९२३ पासून तेच शिकवलं जायचं. १९५६ मध्ये तियो आणि लेव्हान यांनी ती नीट मोजली, तेव्हा ४६ भरली. एवढी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्यांना ४८ दिसत होती, कारण तेवढी दिसायला हवीत हे आधीच छापलेलं होतं.

ग्रहांचं तर आणखी मजेदार आहे. १९३० मध्ये प्लूटो सापडला आणि ऑगस्ट २००६ मध्ये त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं. त्यामुळे १९२५चं खगोलाचं पुस्तक आणि आजचं पुस्तक, दोन्ही आठच ग्रह सांगतात, आणि मधल्या ७६ वर्षांतली सगळी नऊ! म्हणून पुस्तकाचं वय बघून एकदम निकाल देऊ नये.

मात्र सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसाला जग कसं दिसत होतं, हा तुमचा प्रश्न असेल, तर त्या संचाइतका चोख साक्षीदार मिळणार नाही. त्या काळातल्या यंत्रांची रेखाचित्रं, तेव्हा नामवंत असलेल्या आणि आज कुणाच्या लक्षातही नसलेल्या माणसांची चरित्रं नव्या कोशांतून गळालेली असतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. आजची मराठी शिकायला तो कुणी उघडणार नाही, पण त्या शतकातलं पत्र किंवा दस्तऐवज वाचायला बसलात की हात आधी त्याच्याकडेच जातो.

जागा असेल तर ठेवा. नसेल तर चरित्रं आणि इतिहास असलेले खंड ठेवून बाकीच्यांबद्दल मुलांशी वाद घालू नका.

प्रश्न : विकिपीडिया हा ब्रिटानिकाइतकाच अचूक असल्याचं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, असं माझा नातू म्हणतो. हे खरं का?

नातवाने काहीतरी खरं वाचलंय, पण अर्ध्यावर सोडलंय. ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाने डिसेंबर २००५ मध्ये अशी तुलना छापली होती. विज्ञानातल्या ४२ विषयांवरच्या नोंदी, कोणती कुणाची हे न सांगता, तज्ज्ञांना वाचायला दिल्या. गंभीर चुका दोन्हींकडे चार-चार निघाल्या. किरकोळ चुका आणि गाळलेल्या गोष्टी धरून विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. म्हणजे नोंदीमागे साधारण चार विरुद्ध तीन. हे ‘इतकंच अचूक’ नाही, ‘वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जवळ’ आहे. शिवाय विषय फक्त विज्ञानाचे. इतिहास, राजकारण, हयात माणसांची चरित्रं, जिथे भांडणं होतात तो भाग यात नव्हताच. ब्रिटानिकाने २००६ मध्ये या तुलनेवर सविस्तर आक्षेप घेतला, त्यात तपासलेला काही मजकूर मुख्य कोशातला नव्हताच असाही होता. ‘नेचर’ने मात्र तुलना मागे घेतली नाही. आता त्यालाही वीसेक वर्षं झाली, दोन्हींचा मजकूर तेव्हाचा राहिलेला नाही.

नातवाला दुसरी एक गोष्ट सांगा. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या नोंदीत ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असं त्याचं दुसरं नाव घुसडून दिलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुस्तकांतही गेलं, आणि मग त्या छापील मजकुराचाच आधार त्या नोंदीला मिळाला. भूगोलाच्या बाईंना वर सांगितलेला प्रकार हाच, फक्त इथे गोल पुरा झाला. विकिपीडिया मी रोज वापरते. नोंद वाचते आणि लगेच खाली दिलेल्या आधारांकडे जाते. आधाराची तारीख नोंदीतल्या त्या वाक्यानंतरची निघाली तर तो आधार धरत नाही. ‘इतिहास’ या कळीवर टिचकी मारली की ते वाक्य केव्हा आलं ते दिसतं. छापील कोशात ही सोय नाही, हे कबूल करायला हवं.

प्रश्न : शब्दकोशातही चुका असतात का? आमच्याकडे वाद झाला की कोश काढतात आणि तिथे विषय संपतो.

असतात, आणि नावाजलेल्या कोशांतही. वेबस्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्दच नव्हता. ‘डी’ हे अक्षर, मोठं किंवा लहान, घनतेसाठी संक्षेप म्हणून वापरतात, अशी सूचना रसायनाच्या संपादकांनी एका चिठ्ठीवर लिहून पाठवली होती. ‘मोठा डी ऑर (म्हणजे किंवा) लहान डी’ ही डी-ओ-आर-डी अशी चार अक्षरं चिकटून वाचली गेली आणि चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. पुढे कुणालाच शंका आली नाही. १९३९ मध्ये एका संपादकाची नजर त्या नोंदीवर अडली, ती अर्थामुळे नाही. बाकी प्रत्येक शब्दापुढे व्युत्पत्ती होती आणि या एकापुढे जागा रिकामी होती.

तुमच्या घरच्या वादात कोश जरूर काढा. अर्थ वाचून थांबू नका, व्युत्पत्ती आणि वापराची उदाहरणं दिली आहेत का तेही बघा. उदाहरण देणारा कोश स्वतःला पकडून द्यायची सोय करून ठेवतो.

प्रश्न : पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक असला की ते अधिकृत समजायचं का?

नाही. त्या आकड्याने पुस्तकाची ती विशिष्ट आवृत्ती ओळखता येते, विक्रीला आणि ग्रंथालयाला त्याचा उपयोग होतो, संपलं. आतलं कुणीही वाचलेलं नसतं. २००७ पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला, त्यामुळे जुन्या प्रतीवर दहा अंक दिसले म्हणून ती बनावट ठरत नाही, हेही एका पत्रलेखकाला याच निमित्ताने सांगून टाकते.

प्रश्न : भरपूर तळटीपा म्हणजे अभ्यासपूर्ण पुस्तक, असं मी मानतो. बरोबर आहे ना?

तळटीपा मोजू नका, दोन उघडून बघा. जिथे लेखकाने सगळ्यात धक्कादायक विधान केलंय तिथली टीप आधी. पुष्कळदा ती निर्विवाद गोष्टींना असते आणि खळबळजनक वाक्य बिनटीपेचं राहतं. आणि टीप असलीच, तर पान क्रमांक दिलाय का? सहाशे पानांच्या ग्रंथाचं नुसतं नाव देणाऱ्याला तुम्ही तो शोधावा असं वाटत नसतं.

प्रश्न : आहारावरच्या एका पुस्तकाच्या लेखकाच्या नावाआधी ‘डॉ.’ आहे. मी त्यातल्या सूचना पाळायला सुरुवात करू का?

मलपृष्ठावर ते कशातले डॉक्टर आहेत हे बघा. पीएच.डी. इतिहासातली असू शकते, आणि तसं असणं हा काही गुन्हा नाही. तुमची औषधं चालू असतील तर आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. पुस्तकात ‘हे कुणी करू नये’ असं एकही पान नसेल, तर मी तरी त्यातलं काही करणार नाही.

प्रश्न : नव्या कोऱ्या संदर्भग्रंथात शुद्धिपत्राचा सुटा कागद निघाला. इतक्या चुका असलेली प्रत बदलून मागावी का?

मुळीच नको. चुका सगळ्यांच्याच असतात, या प्रकाशकाने शोधून छापल्या. शुद्धिपत्र नसलेला जाड कोश मला जास्त धास्ती घालतो. तो कागद मात्र आज ना उद्या हरवणार, म्हणून एका बसणीत सगळ्या दुरुस्त्या त्या त्या पानावर पेन्सिलीने उतरवून घ्या. आणि शुद्धिपत्र वाचताना चुका कुठल्या जातीच्या आहेत तेही बघा. काना-मात्रेच्या असतील तर काही बिघडत नाही. एकाच प्रकरणातली सालं आणि कोष्टकं सारखी दुरुस्त केलेली दिसली, तर त्या प्रकरणापुरता दुसरा ग्रंथ हाताशी ठेवा.